दार्जीलिङचा ङ, मोमोचं सूप आणि मावशीची छुर्पी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई, मावशी आणि मी अशा तिघीच दार्जिलिंगला जाऊन आलो. नवरा आणि लेक भांडुपला, कारण लेकाची परीक्षा, आणि खरं सांगायचं तर त्यांना न्यायचंच नव्हतं. आल्यापासून बिल्डिंगमधला प्रत्येक जण एकच विचारतोय, कांचनजंगा दिसलं का. त्याचं उत्तर खाली येईल, पण ते उत्तर वादग्रस्त आहे. वाद नाही असा विषय म्हणजे खाणं, म्हणून लिहिताना तेच जास्त येणारे.

आधी पात्रं सांगते. आई महापालिकेच्या मराठी शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, मासे-चिकन खाते पण गुरुवार कडक. मावशी काळाचौकीची, माहेर मालवण, जगात सगळ्यांना मालवणी कळतं फक्त जरा मोठ्याने बोलावं लागतं अशी तिची समजूत आहे. मी या दोघींची बॅग उचलणारी.

बुधवार

पहाटेची फ्लाइट, बागडोगराला उतरेपर्यंत तीन तास गेले आणि तिथे उतरल्यावर गरम! मावशी म्हणाली, "ह्या काय गो, ह्यापेक्षा काळाचौकी बरी." स्वेटर हातात घेऊन टॅक्सीत बसलो. थोडा वेळ सपाट रस्ता, मग रोहिणीचा घाट सुरू झाला की गाडी अशी काही वळायला लागते की आपला कसारा घाट म्हणजे सरळ रस्ता वाटावा. मावशीने आवळा सुपारी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. आईने मात्र उघडे ठेवले, कारण तिला बोर्ड वाचता येत होते.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दार्जिलिंग पश्चिम बंगालमध्ये म्हणून मला वाटलेलं सगळं बंगालीत असणार. बंगाली आहेच, इंग्रजी तर ढीगभर, पण डोंगरातली बोलायची भाषा नेपाळी आणि ती आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात. कुर्सियांग जवळ आलं तेव्हा आई एकदम ओरडली, "थांबवा थांबवा!" ड्रायव्हरला वाटलं उलटी. उलटी नाही, तिने बोर्ड पाहिला होता, 'खरसाङ'. शेवटचं अक्षर ङ! चाळीस वर्षं पोरांना क ख ग घ ङ शिकवला आणि वाङ्मय सोडून तो अख्ख्या आयुष्यात कुठे वापरायला मिळाला नाही, आणि इथे आख्ख्या गावाच्या नावात बसलाय, तोही टिंब देऊन उडवलेला नाही, पूर्ण. दार्जिलिंगसुद्धा ते लोक 'दार्जीलिङ' असं लिहितात. आईने मोबाईलवर त्या बोर्डाचे चार फोटो काढले. पाच दिवसांत डोंगराचे तिने तेवढे काढले नाहीत.

मग गाडीतच तास सुरू. म्हणे १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत तीन भाषा एकदम घातल्या, कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी. म्हणजे मावशीची भाषा आणि ड्रायव्हरची भाषा एकाच दिवशी पास झाल्या. मावशी डोळे न उघडता म्हणाली, "मालवणी येगळी, कोकणी येगळी." हा वाद आपल्याकडेही मिटलेला नाही तर तिथे कसा मिटणार.

गाडी थांबलीच होती तर उतरलो. समोर पत्र्याचं छोटं दुकान आणि त्यावर लिहिलेलं 'खाजा घर'. आता मावशीला खडबडून जाग आली. खाजा! जत्रेत मिळतं ते बेसनाचं, गुळाच्या पाकातलं, आल्याच्या चवीचं खाजं, ते इथे? ती ताडताड आत गेली आणि "अर्धा किलो दी" म्हणाली. काउंटरवरची बाई गोंधळली. नेपाळीत खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं, नाश्ता, आणि खाजा घर म्हणजे आपलं उपाहारगृह. मावसकाका आंबे न घेता घरी आले होते त्या दिवसानंतर इतकी निराश झालेली मावशी मी पहिल्यांदाच बघितली.

पण त्या बाईने जे दिलं त्याने ट्रिपचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. आलुदम. आपल्याला दम आलू म्हटलं की दही-काजूची पार्टीवाली ग्रेव्ही आठवते, तर ते विसरा. उकडलेल्या बटाट्याच्या मोठ्या फोडी, मोहरीचं तेल, लसूण आणि लाल मिरची, रस्सा जेमतेम फोडींना चिकटण्यापुरता, रंग असा की आपण घाबरावं. वरून मूठभर भुजिया. शेजारी शाळेच्या युनिफॉर्ममधली दोन पोरं भुजियाच्या फोडलेल्या पाकिटातच आलुदम घालून घेऊन टूथपिकने खात होती, प्लेट नाही की चमचा नाही. वडापाव खाणाऱ्या माणसाला हे बघून लगेच कळतं की इथे काय चाललंय. स्वस्त, पोटभर, तिखट, उभ्याने. आई म्हणाली, बटाटा आला दक्षिण अमेरिकेतून, आपल्याकडे नाव पोर्तुगीजांकडून घेतलं, यांनी आलु ठेवलं. मावशी म्हणाली, "खयसून पण येवदे, माका आणि एक प्लेट."

दार्जिलिंगला पोचेपर्यंत संध्याकाळ आणि थंडी. गाव दोन हजार मीटरच्या वर आहे आणि आमचं हॉटेल रस्त्यापासून चौऱ्याऐंशी पायऱ्या वर, जे बुकिंग करताना कोणीही सांगितलं नव्हतं. शिवाय गरम पाणी सकाळी एक बादली, म्हणजे माणशी नाही, खोलीला. आधी चिडले, मग दुसऱ्या दिवशी पाहिलं की गावात सगळीकडे पाण्याचे टँकर आणि रस्त्याकडेने पाइपांचे जुडगे गेलेत, पावसाळ्याआधी इथे पाण्याची टंचाई असतेच. भांडुपच्या माणसाने बादलीवर तक्रार करू नये हे खरं, पण पायऱ्यांबद्दल मी अजून चिडलेली आहे.

गुरुवार

हा तो वादग्रस्त भाग. मावशीला नेहमीप्रमाणे पाचला जाग आली आणि ती एकटीच गच्चीवर गेली. साडेपाचला खाली येऊन म्हणाली, "दिसला. सगळा दिसला. गुलाबी होता." आम्ही धावत वर गेलो तर पांढरं. ढग, दुसरं काही नाही. फोटो काढलास का, तर मोबाईल चार्जिंगला. त्यानंतर आम्ही तिथे असेपर्यंत कांचनजंगाने तोंड दाखवलं नाही, त्यामुळे ८५८६ मीटरचा जगातला तिसरा उंच डोंगर आमच्यापैकी फक्त मावशीने पाहिलाय आणि पुरावा शून्य. आईचं म्हणणं तिने ढग पाहिला. या विषयावर दोघी बहिणी आजही फोनवर भांडतात.

मग प्राणिसंग्रहालय आणि त्याच आवारातली पर्वतारोहण संस्था बघायला निघालो, उतार उतरून गेलो तर गेट बंद. गुरुवारी बंद असतं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

तिथून परत चढून चौरस्त्यावर. चौरस्ता म्हणजे गावाचा कट्टा, गाड्यांना बंदी, बाकं, घोडे, कबुतरं, माकडटोपी घातलेली बंगाली कुटुंबं. तिथेच भानुभक्त आचार्यांचा पुतळा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी रामायण नेपाळीत आणलं म्हणून त्यांना आदिकवी म्हणतात. आईने पुतळ्याला नमस्कार केला आणि एकनाथांचं भावार्थ रामायण काढलं, ते ऐकायला एक घोडेवालाही थांबला होता, अर्थात गिऱ्हाईक मिळेल म्हणून.

मागच्या गल्लीत एक दिदी मोमो विकत होत्या. मोमो मोदकासारखा दिसतो हे सगळेच म्हणतात त्यामुळे मी म्हणणार नव्हते, पण आई मोदकवाली आहे, तिने कळ्या मोजल्या. आणि मग तिचा आक्षेप असा की आपली उकड आधीच शिजलेली असते, म्हणून मोदकाला दहा-पंधरा मिनिटं वाफ पुरते आणि पारी मऊ राहते. इथे मैदा नुसता पाण्यात भिजवलेला, कच्चा, त्यामुळे पारी पातळ लाटली नाही तर चिकट होणार. दिदींनी एक लाटी हातावर घेऊन दाखवलं, कडा पातळ आणि मध्ये जाड, म्हणजे सारणाच्या वजनाने बूड फाटत नाही आणि कळ्या एकत्र येतात तिथे मैद्याचा गोळा होत नाही. आई गप्प. आईला गप्प होताना पाहायचं तर दार्जिलिंगपर्यंत जावं लागतं.

गुरुवार म्हणून व्हेज मोमो घेतले, कोबी, कांदा आणि थोडं आलं, सोबत लाल चटणी जी तुम्ही एकदम जास्त घेऊ नका. खाताना दिदींनी विचारलं, "मिठो छ?" मावशी लगेच, "मीठ बरोबर आसा, काळजी करू नको." नेपाळीत मिठो म्हणजे चविष्ट. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि दोघींनाही वाटलं आपलं बोलणं पोचलं. एका अर्थी पोचलंच.

मोमोबरोबर वाटीभर गरम सूप फुकट मिळतं. थंडी कडाक्याची, आईने एक वाटी प्यायली, दुसरी मागून प्यायली, म्हणाली भाज्यांचा काय अर्क उतरलाय. मी पैसे देताना सहज भांड्यात डोकावले. हाडं. चांगली मोठी. मावशीनेही पाहिलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि काही बोललो नाही. दत्तगुरू समजून घेतील. आईला अजून सांगितलेलं नाही, ती फेसबुकवर नाही आणि कोणी तिला हे दाखवलंत तर तुमची माझी ओळख संपली.

दुपारी महाकाल मंदिर. चौरस्त्याच्या मागची टेकडी, तिथे १७६५ च्या सुमाराचा दोर्जे लिंग नावाचा बौद्ध मठ होता, दोर्जे म्हणजे वज्र, लिंग म्हणजे जागा, त्यावरूनच गावाचं नाव. आता एकाच आवारात शंकर आणि बुद्ध, एक पुजारी आणि एक लामा शेजारी बसतात, घंटाही आणि पताकाही. माकडं खूप. आईचा प्रसाद गेला.

शुक्रवार

पहाटे पावणेचारला टायगर हिल. २५९० मीटर, आमच्यासारखी शे-दोनशे माणसं, सगळे पूर्वेकडे तोंड करून धुक्याकडे बघतायत. थर्मासमधून कॉफी विकणाऱ्या बायका फिरत होत्या, त्यांचा धंदा धुकं असलं की जास्त होत असणार कारण माणसं करणार काय. मी तीन कप प्यायले. मावशी मात्र खुशीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, काल माका दिसला.

परत येऊन टॉय ट्रेन. हिच्याबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण मुंबईच्या माणसाला माथेरानच्या गाडीचा अभिमान असतो. दोन्ही दोन फुटी रूळ. पण ही १८८१ साली दार्जिलिंगला पोचली, आपली माथेरानची १९०७ ची, आणि हिला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. माथेरानची जंगलातून जाते, ही बाजारातून. खरंच बाजारातून, रूळ रस्त्याच्या कडेने, कधी रस्ता ओलांडून, दुकानांच्या इतक्या जवळून की खिडकीतून हात घालून बिस्किटाचा पुडा उचलावा. एका जागी मोमोच्या पातेल्याची वाफ आणि इंजिनाची वाफ एकदम डब्यात आली, मावशीने कुठली कुठली ते ओळखून दाखवलं. बतासियाला गाडी गोल फिरून स्वतःच्याच खालून जाते. घूमचं स्टेशन २२५८ मीटरवर, देशातलं सगळ्यात उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा सहाशे मीटर वर प्लॅटफॉर्म! तिकीट खिशाला लागतं, तरी जा.

दुपारी प्राणिसंग्रहालय झालं, लाल पांडा झाडावर झोपलेला, शेपूट खाली. पर्वतारोहण संस्था १९५४ ची, एव्हरेस्टनंतरच्या वर्षी काढलेली, तेनझिंग तिथे शिकवायचे. तिथे कळलं की कांचनजंगावर १९५५ साली पहिल्यांदा जे गेले ते माथ्याच्या काही पावलं आधी थांबले, कारण सिक्कीमचे लोक तो माथा पवित्र मानतात. मावशी म्हणाली, "मी पण लांबसूनच बघितलंय."

आता मासूची गोष्ट. संध्याकाळी मोटार स्टँडच्या वरच्या अंगाला एक खानावळ, बाहेर खडूने लिहिलेलं 'मासु भात'. तीन दिवस माशाशिवाय काढलेली मालवणी बाई, तिला दुसरं काय दिसणार? "उकारांत लिवलाय, पण मासोच तो." आम्ही बसलो, आली ताटं, भात, डाळ, मुळ्याचं लोणचं आणि रस्सा, आणि रस्स्यात मासा कुठे? नेपाळीत मासु म्हणजे मटण-चिकन, कुठलंही मांस. मासा म्हणजे माछा. कुठलं मांस हे विचारायला मी पळाले, कुखुरा म्हणजे कोंबडी निघाली, हुश्श. आईचं निदान तयार, एकच शब्द आपल्याकडे येऊन पाण्यात गेला आणि तिकडे जमिनीवर राहिला. हे भाषाशास्त्राला मान्य असेल की नाही मला शंका आहे, पण ताट संपेपर्यंत तिला कोणी विरोध केला नाही, रस्सा तितका चांगला होता. आणि भात तर भातच, तो शब्द कुठे हललेला नाही.

शनिवार

आजचा दिवस चौक बाजारला. चौरस्त्यावरचं दार्जिलिंग हे आपल्यासारख्यांसाठी, शाली, कीचेन आणि फोटो. खाली उतरून चौक बाजारात गेलं की जिथे गाव स्वतः खरेदी करतं ते दार्जिलिंग. केव्हेंटर्सची गच्ची आणि ग्लेनरीजची बेकरी दोन्ही केलं, छान आहेत, तिथली वर्णनं तुम्हाला शंभर जण देतील.

बाजारात माझ्या दोन म्हाताऱ्या पंचवीस वर्षांनी लहान झाल्या. निंग्रो म्हणजे नेच्याचे कोवळे गुंडाळलेले कोंब, जुड्या बांधून ठेवलेले. मावशी जुडी हातात घेऊन म्हणाली आपल्याकडे पावसात शेवळं येतात तसं हे रानातलं दिसतं. गुंद्रुक, म्हणजे पालेभाजी आंबवून वाळवलेली, वास असा की सुकट शेजारी ठेवली तर दोघी एकमेकींना ओळखतील. मावशीने दोन पाकिटं घेतली. फळवाल्याकडे पाटी 'केरा', आई म्हणाली केर कोण विकतं, तर केळी. डल्ले खुर्सानी, लाल गोल मिरची, चेरीएवढी. पिरो आहे, पिरो आहे असं विकणारा सांगत होता, पिरो म्हणजे तिखट. मावशीने लवंगी मिरची खाणाऱ्याच्या तोऱ्यात एक चावली. नंतरची दहा मिनिटं तिने मालवणीही बोलली नाही. पण हिचं लोणचं घ्याच, मिरचीला तिखटाआधी एक फळासारखा वास आहे जो आपल्या कुठल्याच मिरचीला नाही.

एका कोपऱ्यात सेल रोटी तळत होत्या. तांदूळ भिजवून वाटायचे, साखर-तूप घालून पीठ सैलसर करायचं आणि ते मुठीतून धार धरत तेलात गोल फिरवायचं, कडं तयार. काठीने उलटायचं, काठीनेच उचलायचं. बाहेरून कुरकुरीत, आत जाळीदार, चव घारगा आणि अनारसा यांच्या मधली कुठेतरी. आणि ही गोडसर रोटी खातात कशाबरोबर? आलुदम! तिखट-गोड एका घासात, पुरणपोळी आणि कटाची आमटी ज्याला कळते त्याला हे समजावून सांगायला नको. आईने हिशेब केला तर ती तिची चार दिवसांतली सातवी प्लेट. मोमोच्या गावात येऊन बटाटा जिंकला, माझं मत लिहून घ्या.

हरलेलं पण सांगते. लाफिंग नावाचा तिबेटी प्रकार, मुगाच्या सत्त्वाच्या थंडगार बुळबुळीत वड्या, वर लसूण, सोया आणि मिरचीचं तेल. बाकी गर्दी तुटून पडली होती. मला तो चावायचा की गिळायचा हे ठरेपर्यंत घशात गेलेला असायचा. शाफाले मात्र मस्त, तळलेली तिखट करंजीच, आत खिमा.

चहाचं राहिलंच. सकाळी हॅपी व्हॅलीचा मळा पाहिला, १८५४ चा, गावाला लागूनच. फर्स्ट फ्लश म्हणजे हिवाळ्यानंतरची पहिली खुडणी, याच दिवसांतली, सगळ्यात महाग. कपात आला फिका सोनेरी, दूध नाही, साखर नाही. मला आवडला, फुलांसारखा वास. आई म्हणाली, "छान आहे. आता चहा कधी देणार?" मग बाजारात टपरीवर आलं घालून उकळलेला दुधाचा चहा मिळाला तेव्हा ती शांत झाली. टपरीवर मैदानी मुलखातली बारीक दाण्याची पावडर वापरतात असं टपरीवाल्यानेच सांगितलं, वरचा चहा त्यांनाही परवडत नाही. देवगडात हापूस बाहेर जातो आणि घरच्यांना रायवळ, तसंच.

रविवार

उतरताना कुर्सियांगला थांबलो, त्याच खाजा घरात, त्याच बाईकडे. तिने मावशीला ओळखलं आणि "अर्धा किलो?" असं विचारलं. आलुदम बांधून घेतलं, बागडोगरापर्यंत पुरलं नाही.

एअरपोर्टवर मावशीने छुर्पी काढली. हे याकच्या किंवा गाईच्या दुधाचं वाळवलेलं चीज, दगडासारखे चौकोनी तुकडे, दोऱ्यात ओवून विकतात. चावायचं नाही, गालात ठेवून द्यायचं. बोर्डिंगला तिने एक तुकडा गालात ठेवला. हवाई सुंदरीने जेवण विचारलं तर मावशीने गालाकडे बोट दाखवलं. तीन तासांनी मुंबईत उतरलो, बॅगा आल्या, डल्लेच्या लोणच्याचं तेल आईच्या नव्या शालीला लागलेलं निघालं, त्यावरून भांडण झालं, रिक्षाच्या रांगेत अर्धा तास गेला, भांडुपच्या सिग्नलला मी विचारलं, मावशी, संपली का गं?

"आता खय मऊ पडूक लागली," ती म्हणाली.